चावीमागची पिन

"सगळं गेलं," मी फोनवर म्हटलं.

"सगळं म्हणजे काय? नीट सांग."

"मीटरचे काटे खाली पडले. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. इंजिन चालू आहे."

"इंजिन चालूच राहणार. गाडी कुठं हाय?"

"डाव्या अंगाला घेतलीय. बाभळीखाली."

"आधी चाकाला दगड लाव."

मी उतरले, दगड लावला आणि परत येऊन फोन कानाला धरला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आता स्टिअरिंगच्या खाली हात घाल. चावी बसते ना, त्याच्या मागं. एक पांढरा डबा लागंल, सगळ्या वायरी त्यात शिरत्यात. तोच कपलर. लागला का?"

"लागला."

"वर दाब. जोरात नको. आता जरासा डावीकडं."

काटे उठले. लाल दिवे लागले, इंडिकेटरची टिकटिक सुरू झाली.

"आलं," मी म्हटलं.

"आलं ना? मग जा आता. सावकाश जा." फोन ठेवायच्या आधी ते थोडं थांबले. "चहा घेतलास का?"

"बार्शीत घेईन," म्हणून मी फोन ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भूमच्या बाजूला आमचं गाव. तिकडं घरोघर खव्याच्या भट्ट्या. आमच्याकडंही होती, अजून आहे. सासूबाई आणि शेजारच्या बायका कढईशी बसायच्या, दूध आटवायच्या, आणि पहाटे निघालेला खवा क्रेटमध्ये भरून बार्शीच्या मिठाईवाल्यांकडं न्यायचा. खव्याला उशीर चालत नाही. दुपारपर्यंत पोचला नाही तर आंबूस वास यायला लागतो, आणि एकदा वास आला की मिठाईवाला क्रेट उघडूनसुद्धा बघत नाही.

खवा न्यायला जुनी पिकअप होती. इंजिन बंद करायला दोरी ओढायची, असलं मॉडेल. चावीचा करंट गेला तरी इंजिन धडधडत राहायचं. ती गाडी पूर्वी मालक चालवायचे, फोनवर बोलत होते तेच. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. त्यांचं नाव लिंबराज. रस्त्याच्या कडेला टायर बदलत बसले असताना मागून उसाची ट्रॉली घसरत आली आणि त्यांचा डावा गुडघा चेचला. सोलापूरला ऑपरेशन झालं, पाय वाचला, पण गुडघा काही वाकेना. न वाकणाऱ्या पायानं क्लच कसा दाबायचा?

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. कुबडी मांडीवर आडवी घेऊन शेजारी बसायचे आणि माळावर गाडी फिरवायला लावायचे. गावातले लोक बांधावर उभे राहून बघायचे. सासूबाई म्हणाल्या, ड्रायव्हर ठेवू. मालक म्हणाले, "ड्रायव्हर कशाला? अनू चालवंल की." अनू म्हणजे मी, अनुसया. मला लायसन मिळालं त्या दिवशी त्यांनी भट्टीवरच्या सगळ्या बायकांना पेढे वाटले, आमच्याच खव्याचे.

पहिले काही महिने बार्शीला पोचले की मी घरी फोन करायची. घाट उतरले, पोचले, क्रेट उतरवले. नंतर सवय झाली. मिठाईवाले ओळखायला लागले, कोणता कुठल्या वेळेला दुकान उघडतो ते मला कळलं. मग फोन कमी झाले. मुद्दाम काही नाही, कामाच्या नादात राहून जायचं.

आणि त्याच सुमाराला, दिवाळीच्या आसपास, मीटर जायला लागलं.

कधी जाईल त्याचा नेम नाही. सपाट रस्त्यावर जायचं, खड्ड्यात आदळून जायचं, आणि काही दिवस अजिबात जायचंच नाही. कधी गाडी उभी केली की पुन्हा सगळं नीट, कधी कपलर दाबावा लागायचा. मी मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "असला फॉल्ट लई वंगाळ. समोर येत न्हाई, लपून बसतो." संध्याकाळी कुबडी दाराला टेकवायचे, सीटवर आडवे व्हायचे आणि डॅशबोर्डाखाली डोकं घालायचे. मी उजेडाला बॅटरी धरायची. गाडीच्या बॅटरीची टोकं घासून झाली, फ्यूज बदलून झाले. आतून त्यांचा आवाज यायचा, "पाना दे. तो न्हवं, बारका." हात काळे, चेहरा घामेजलेला. चहा मागायचे, तोही ओरडून. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी घरात आवाज चढवून काही मागितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला आवडायच्या.

पण गाडी चालवताना जीव थाऱ्यावर राहत नसे. रस्ता बघू की मीटर बघू असं व्हायचं. डिझेलचा काटा नुसता थरथरला तरी मी गाडी कडेला घ्यायची. घरी भाकरी थापतानासुद्धा कान इंडिकेटरची टिकटिक शोधायचे. झोपेत पाय ब्रेक दाबायचा. सासूबाई म्हणायच्या, "रात्रभर पाय झाडतीस, काय होतंय तुला?" मी काहीच सांगायची नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ड्रायव्हरचा विषय पुन्हा काढला असता.

एकदा मोकळे क्रेट घेऊन परत येत होते. घाट चढून वर आले आणि पुढं शेळ्या आडव्या आल्या म्हणून ब्रेक दाबला. त्याच वेळी मागं धाडकन आवाज झाला. आरशात बघितलं तर मोटरसायकल आडवी. मी धावत गेले. नवरा-बायको आणि टाकीवर बसवलेलं लहान पोरगं. बाप्याचं कोपर सोलवटलं होतं. बायको पोराला पोटाशी धरून रस्त्यातच बसली होती. पोरगं रडत नव्हतं. त्याच्या एका पायातली चप्पल कुठं उडाली होती, ती ते शोधत होतं.

"ताई, ब्रेक मारला तर लाईट लागायला नको का?" तो माणूस म्हणाला. शिवीगाळ केली नाही, एवढंच म्हणाला.

मी मागं जाऊन बघितलं. त्यालाच ब्रेक दाबायला लावला. मागचे लाल दिवे लागले नाहीत. मीटर कधी गेलं होतं, मला कळलंच नव्हतं.

हे मी घरी सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? दुसऱ्या दिवशी क्रेट उतरवले आणि गाडी तशीच इलाहीभाईंकडं नेली.

इलाहीभाई म्हणजे बार्शीतले वायरिंगवाले मिस्त्री, इलाही तांबोळी. स्टँडच्या मागं पत्र्याचं दुकान. माणूस चिडका. कुणी गाडी घेऊन आलं की आधी त्या गाडीवर ज्यानं पूर्वी हात फिरवला त्याचा उद्धार करायचे आणि मगच कामाला लागायचे.

"काय होतंय?"

"मीटर जातं. मधेच."

"आत्ता गेलंय का?"

"आत्ता नाही."

"मग आत्ता मी काय बघू?" असं म्हणून ते आत शिरलेच. खालचं झाकण काढलं. "मी एकेक वायर हलवतो. तुम्ही मीटरवरून नजर काढू नका. गेलं की बोला."

बराच वेळ काही झालं नाही. ते वायर हलवायचे, मी काट्यांकडं टक लावून बसायची. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मग एकदम सगळं विझलं.

"गेलं."

"आता?"

"आलं."

"आता?"

"गेलं."

"सापडला," इलाहीभाई म्हणाले. चावीमागचा तो पांढरा कपलर त्यांनी ओढून काढला आणि उजेडात धरला. "ही जाडी वायर बघा. बॅटरीचा करंट हिच्यातून येतो. हिची पिन मागं सरकलीय. कधी टेकते, कधी सुटते. पण ही पिन अशी आपोआप सरकत नाही, तिला अडकून राहायला बारीक कान असतो, तो दाबल्याशिवाय नाही. कुणी हात घातला होता?"

"मी घालते. फोनवरून सांगतात, तसं दाबते. आणि आमचे मालक बघतात घरी."

"मग त्यांनीच वाट लावली," म्हणून त्यांनी नवीन पिन लावली, कपलर बसवला आणि वरून प्लास्टिकची पट्टी करकचून आवळली. "आता गाडी भंगारात जाईल, पण हा कपलर सुटणार नाही."

परतीच्या वाटेवर कितीतरी दिवसांनी मी रस्त्याकडं नीट बघितलं. घाटात पळसाची झाडं आहेत, तीही दिसली. घरी आल्यावर अंगणातूनच सांगितलं, "गाडी दुरुस्त करून आणली."

मालक ओट्यावर बसले होते. "कुणाकडून?"

"इलाहीभाई. स्टँडमागचे."

"काय निघालं?"

"पिन मागं सरकली होती. नवीन बसवली. पट्टी मारलीय वरनं."

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "किती वेळ लागला त्याला?"

"जास्त नाही."

ते कुबडी घेऊन आत गेले. त्या रात्री भाकरी अर्धी टाकली.

त्यानंतरचे दिवस गाडी नीट चालली. मला मात्र घरात चैन पडेना. मालक बोलेनासे झाले. सकाळी मी निघताना ओट्यावर असायचे, संध्याकाळी आले की तिथंच. मधे काय केलं विचारलं तर "काय न्हाई" म्हणायचे. टीव्ही लावून द्यायची तर बघायचे नाहीत. मला वाटलं, पाय दुखत असेल. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाले, "पायाला काय झालंय? आहे तसा हाय."

आणि एक दिवस जाताना, घाटाच्या अलीकडं, काटे पुन्हा खाली पडले.

मी गाडी कडेला घेतली. चाकाला दगड लावला. फोन हातात घेतला, नंबरही काढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, फोन सीटवर ठेवला, बॅटरी लावली आणि आधी स्वतःच वाकून बघितलं.

पट्टी नव्हती. खाली पायाशी पडली होती. उचलून बघितली. तुटली असती तर तिची टोकं ओढल्यासारखी झाली असती. ही सरळ कापलेली होती.

डोक्यात नाना शंका आल्या. गावातल्या दोन भट्टीवाल्यांना माझं बार्शीला जाणं खुपत होतं. त्यातल्या एकाचा पुतण्या आमच्या दारावरून उगाच फेऱ्या मारायचा. पण गाडी रात्री अंगणात असते, फाटक आतून बंद, आणि कुत्रं परक्या माणसाला आत येऊ देत नाही. बार्शीत तर मी गाडीला चिकटूनच असते. मग कोण? पट्टी मुठीत धरून मी किती वेळ बसले ते आठवत नाही. खव्याची आठवण झाली तेव्हा कपलर दाबला आणि निघाले. फोन केला नाही.

संध्याकाळी घरी आले. गाडी अंगणात लावून हातपाय धूत होते. मालक कुबडी टेकत न्हाणीपर्यंत आले.

"आज काय गेलं-बिलं का?" त्यांनी विचारलं.

असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडायची नाही, गेलं की मी फोन करायची.

मी तोंडावर पाणी मारलं. "नाही."

"न्हाई?"

"नाही. इलाहीभाईनं केलंय ना आता पक्कं."

ते उभे राहिले. मान वळवून त्यांनी गाडीकडं बघितलं. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं. घरात पट्टी कापायला भट्टीवरची कात्री होती, बटर पेपर कापायची. पिनेचा कान दाबायला बारका पाना होता. आणि वेळ तर होताच.

रात्री जेवताना मी म्हटलं, "उद्या तुम्ही चला बार्शीला. मिठाईवाले विचारतात तुम्हाला."

"मी कशाला? पाय अवघडतो."

"अवघडू द्या."

सासूबाई म्हणाल्या, "जा की रं, जरा मोकळं वाटंल." मग त्यांना नाही म्हणता येईना. गाडीची चावी मी कनवटीला लावून झोपले. झोपले म्हणजे पडले. शेजारी तेही जागेच होते, कूस बदलत होते.

पहाटे क्रेट भरायच्या आधीच मी स्टिअरिंगवर जाऊन बसले. मालक घाईघाईनं आले. "तू चहा घे जा. मी जरा वायरिंगवर नजर टाकतो."

"काय बघायचंय? चालू आहे की सगळं."

"तरी पण."

"नको. उशीर होतो. बसा."

ते बसले. आम्ही निघालो.

माझा बेत असा होता की गावाबाहेरच्या खड्ड्यांत मीटर जाईल, तिथं गाडी थांबवायची, कापलेली पट्टी त्यांच्या हातात ठेवायची आणि विचारायचं. पण त्या दिवशी मीटर जाईना. जिथं रोज गाडी आदळायची तिथं मुद्दाम आदळली. काटे जागचे हलले नाहीत. मालकांचे डोळेही काट्यांवरच होते. आम्ही दोघं रस्ता सोडून त्या एकाच पाटीकडं बघत चाललो होतो. मार्गशीर्ष होता, थंडी असायला हवी होती, पण आभाळ भरून आलं. घाट जवळ आला तसं अवकाळी पावसाचं झोडपणं सुरू झालं. मी वायपर लावले.

"थांब जरा," मालक म्हणाले.

"कशाला?"

"घाट हाय पुढं. थांब. बघू दे मला."

"काय बघायचंय ते सांगा, मग थांबते."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. मला इतका राग आला की मी दुसरा गिअर टाकला आणि गाडी उतारावर घातली.

दुसऱ्या वळणावर सगळं गेलं.

वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले. क्षणात काच पांढरी झाली. पुढं उसानं भरलेल्या जोड ट्रॉल्या होत्या, हे मला आधी दिसलं होतं, आता नुसता काळा डाग दिसत होता. मागं एसटी होती. ब्रेक दाबावा तर मागच्याला दिवा दिसणार नाही, न दाबावा तर पुढं ट्रॉली. हॉर्न दाबला, वाजला नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा, तोही मधेमधे तुटलेला. थांबायला हातभर जागा नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, पावसाचे थेंब डोळ्यांत शिरत होते.

मालकांनी कुबडी मागं फेकली. न वाकणारा पाय दाराकडं ताणला आणि ते गिअरच्या दांड्यावरून आडवे माझ्या पायांशी घुसले. त्यांचं डोकं माझ्या गुडघ्याला लागत होतं. हात चावीमागं गेला. वायपर हलले. थांबले. पुन्हा हलले.

"धरलंय," खालून आवाज आला. "तू चल."

"सोडू नका."

"न्हाई सोडत. गिअर बदलू नको."

गिअर बदलता आलाच नसता, दांडा त्यांच्या छातीखाली होता. दुसऱ्यावरच सगळा घाट उतरले. वळणं संपता संपेनात. ट्रॉली कण्हत पुढं चालली होती, एसटीवाला मागून हॉर्न देत होता. पेडल मारताना माझी टाच त्यांच्या खांद्याला घासायची, पण ते हलले नाहीत. मधेच एकदा म्हणाले, "पोळतंय." वायर तापली होती. मी विचारलं, "सोडता का?" ते म्हणाले, "रस्त्याकडं बघ."

पायथ्याला सपाटी आली तशी गाडी डांबराखाली उतरवली आणि दोरी ओढली. इंजिन बंद झालं. पाऊस टपावर वाजत होता.

"सोडा आता," मी म्हटलं.

ते वर आले नाहीत. तिथूनच विचारलं, "कधी कळलं तुला?"

"काल विचारलंत ना, गेलं का म्हणून. तेव्हा."

ते उठून बसले. बोटांची टोकं लाल झाली होती. मी पट्टी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

"मी गाडी चालवू नये असं वाटतं का तुम्हाला?" मी विचारलं. "घरी बसावं असं?"

"न्हाई गं. तसं कधीच न्हाई."

"मग?"

एसटी आम्हाला ओलांडून कधीच गेली होती.

"पैल्यांदा खरंच आपोआप गेलं होतं," ते म्हणाले. "कपलर ढिला होता, तो मी बसवला बी. मग काही दिवस गेलंच न्हाई. फोनच येईना तुझा. दिवसभर ओट्यावर बसायचं, आई भट्टीवर, तू बार्शीत. कुणाला काय विचारायचं न्हाई, कुणी काय विचारत न्हाई. मग मी ती पिन जराशी मागं केली. मला म्हाईत होतं इंजिन बंद पडत न्हाई. मला वाटलं, तू कडंला थांबशील, फोन करशील, मी सांगीन, तू जाशील. एवढंच. ह्यात कुणाला काय होणार?"

तेव्हा मी त्यांना मोटरसायकलचं सांगितलं. शेळ्या, ब्रेक, न लागलेला दिवा, रस्त्यात बसलेली बाई. टाकीवर बसलेलं पोरगं आणि त्याची चप्पल.

"पोराला लागलं?"

"नाही लागलं."

"किती मोठं होतं?"

"असेल तीन वर्षांचं."

त्यांनी दार उघडलं. कुबडी घेतली नाही. गाडीला धरून लंगडत मागं गेले आणि भर पावसात फाळक्यापाशी उभे राहिले. मी आरशात बघत होते. ब्रेकच्या लाल काचेवरून ते हात फिरवत होते. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

खवा वेळेत पोचला. क्रेट उतरवून झाले तेव्हा मालक म्हणाले, "त्या मिस्त्रीकडं घे."

इलाहीभाईंनी गाडी बघितल्या बघितल्या कपाळाला आठ्या घातल्या. "आता काय? मी आवळलेला कपलर सुटत नसतो."

मी काही बोलायच्या आधी मालक खाली उतरले. दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती. एक रिक्षावाला, एक ट्रॅक्टरवाला.

"सुटला न्हाई," मालक म्हणाले. "मीच कापला. पिन बी मीच काढत होतो. आता असा बसवा की मला निघणार न्हाई."

रिक्षावाला वळून बघायला लागला. मी जमिनीकडं बघत होते. इलाहीभाईंनी आधी मालकांकडं, मग माझ्याकडं बघितलं. कधी नव्हे ते त्यांना कुणाचा उद्धार सुचला नाही.

"दादा," ते म्हणाले, "हातानं बसवलेलं हातानं निघतंच. न निघणारा कपलर येत नाही. या, बॅटरी धरा."

मालकांनी बॅटरी धरली.

घरी आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. माझा राग लवकर गेला असं मात्र नाही. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. रोज पहाटे त्यांच्यादेखत झाकण काढायची, कपलर ओढून बघायची आणि झाकण लावायची. ते ओट्यावरून बघायचे. एकदाही "कशाला?" म्हणाले नाहीत.

मग एका सकाळी क्रेट भरून पुढं आले तर ते डाव्या सीटवर बसलेले. दाढी केली होती, धुतलेली टोपी घातली होती, अंगावर शाल होती. मी चावी फिरवली. काटे उठले.

फाटकातून बाहेर पडत नाही तोवर ते म्हणाले, "क्लचवर पाय ठिवून चालवू नको, प्लेट जळंल."

"नाही ठेवलेला."

"ठिवलाय. मला दिसतंय."

"शेजारी बसायचं असेल तर गप्प बसावं लागेल."

"गप्प बसायचं असतं तर आलो कशाला असतो?"

बार्शी येईपर्यंत आम्ही भांडत होतो.